नर्मदा परिक्रमेत पाठ सांभाळायची कशी

संध्याकाळी आश्रमाशी पोचून "नर्मदे हर" झालं, की आतून पहिला प्रश्न येतो, "कितनी मूर्ती?" माणसं किती, त्यावर भाताचं आधण ठरतं. चहा पोटात गेला की परिक्रमावासी आपापसात बोलायला लागतात आणि तिथे दुसरा प्रश्न ठरलेला असतो, "तुमची सॅक किती किलोची?" माझ्या पहिल्या आठवड्यात उत्तर होतं तेरा. ओट्यावर बसलेल्या, लातूरकडच्या एका साठीच्या बाईंनी ती एका हाताने उचलायचा प्रयत्न केला आणि म्हणाल्या, "भाऊ, ह्यात कोण बसलंय?"

पाचव्या दिवशी माझी पाठ धरली. त्यातून जे शिकलो ते नव्याने निघणाऱ्यांसाठी लिहितोय.

वारी केलेल्यांसाठी आधीच एक गोष्ट. "आळंदी ते पंढरपूर चालतो दरवर्षी, परिक्रमेत काय वेगळं?" असं बऱ्याच जणांना वाटतं. वारीत दिंडीचा ट्रक असतो. वळकटी, कपडे, भांडी सगळं ट्रकात, आपल्या खांद्यावर शबनम आणि गळ्यात टाळ. अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास, दिवस जेमतेम तीन आठवडे. नर्मदेची लांबी १३१२ किलोमीटर. नदी न ओलांडता तिला पूर्ण फेरी घालायची, म्हणजे दोन्ही तट धरले की अडीच हजारांच्या वर जातं, आणि संसार पाठीवर. शास्त्रात सांगितलेली ३ वर्षं ३ महिने १३ दिवसांची परिक्रमा आता फार थोडे करतात, पण चार-सहा महिने तर लागतातच. पायांना सवय असली तरी पाठीला ती नसते.

निघण्याआधीचे तीन महिने

बहुतेक जण चातुर्मास संपल्यावर, कार्तिकी एकादशीच्या पुढे ओंकारेश्वरहून परिक्रमा उचलतात, म्हणजे सुरू करतात. म्हणजे तयारी श्रावणापासून धरावी लागते, भर पावसात. नुसतं चालण्याचा सराव सगळे करतात, ओझं घेऊन चालण्याचा कुणी करत नाही. पहिल्या आठवड्यात सॅकमध्ये तीन किलो तांदूळ घाला, दर आठवड्याला एकेक किलो वाढवा आणि प्रत्यक्ष न्यायच्या वजनापर्यंत आणून थांबवा. त्याच्या पुढे जाऊन "जास्तीची तयारी" करू नका, सरावातच पाठ दुखावून बसलेले लोक मी पाहिलेत. सिंहगड, पर्वती, गावाबाहेरची टेकडी, काहीही चालेल. मात्र निदान दोनदा तरी लागोपाठ तीन दिवस चाला. पहिल्या दिवशी कुणालाच काही होत नाही. दुखणं दुसऱ्या दिवशी सकाळी चप्पल घालायला वाकताना कळतं.

घरी रोज पंधरा मिनिटांचा व्यायाम पुरतो. उताणं झोपून गुडघे वाकवायचे आणि कंबर वर उचलून पाच-सहा आकडे धरायची, म्हणजे आपलं सेतुबंधासन. मग गुडघ्या-हातांवर येऊन समोरचा उजवा हात आणि मागचा डावा पाय सरळ करायचा, नंतर उलट. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं वीसदा. पोट आणि कुल्ले बळकट झाले की कमरेवरचा भार ते वाटून घेतात, एवढाच ह्या व्यायामांचा हेतू.

ज्यांना आधीपासून गादी सरकल्याचं सांगितलंय, पायात कळ जाते किंवा हाडं ठिसूळ झाल्याचं निदान झालंय, त्यांनी तारीख ठरवायच्या आधी डॉक्टरांना विचारावं. ह्याला पर्याय नाही.

वजन: "लागलं तर" नावाचं गाठोडं

शरीराच्या वजनाच्या दहा टक्के हा अंदाज पक्का धरा. ६५ किलोच्या माणसाला साडेसहा किलो, पाणी-खाऊ धरून फार तर आठ. भंगारवाल्याकडे किंवा बॅगा मोजायला मिळतो तसला आकड्याचा लटकता काटा आणा आणि एकेक वस्तू मोजून कागदावर लिहा. अंदाजाने कुणाचंच वजन बरोबर येत नाही.

माझा शेवटी जमलेला हिशेब असा होता: रिकामी सॅक दीड किलो, स्लीपिंग बॅग अकराशे ग्रॅम, फोमची चटई साडेतीनशे, अंगावरचे सोडून कपड्यांचा एक जोड, पंचा आणि आतले कपडे मिळून किलोभर, स्वेटर-कानटोपी सहाशे, ताटली-वाटी-पेला तीनशे, औषधं अडीचशे, फोन-चार्जर-पॉवर बँक-बॅटरी मिळून सहाशे, पूजेचं सामान आणि नर्मदाजलाची कुपी तीनशे, पावसाचा प्लास्टिकचा कागद दोनशे. सव्वासहा किलोच्या आत.

तेरा किलोत मग काय होतं? दोन जास्तीचे जोड. लागलं तर. जाडजूड डायरी, दोन पुस्तकं. छोटा स्टोव्ह, तो एकदाही पेटला नाही. आईने दिलेले लाडू, त्यांना वजनात धरलंच नव्हतं, कारण आईने दिलेल्या गोष्टी कोण मोजतं! पितळी कमंडलू. दुसरे बूट. तंबू. तंबूची तर अजिबात गरज नाही, आश्रम, धर्मशाळा, शाळेचा व्हरांडा, कुणाचं तरी ओसरीचं आवार, रात्रीपुरतं काही ना काही मिळतं.

साबण अर्धा कापून न्या. टूथपेस्टची छोटी नळी. औषधांची पाकिटं खोक्यातून काढून, पण पट्टीवरचं नाव आणि तारीख राहील अशी. कपडे रोज धुवायचेच आहेत, नदी उजव्या हाताला सतत आहे.

वाटेत वाढणाऱ्या वजनाकडेही लक्ष द्या. काही ठिकाणी तयार जेवणाऐवजी सदाव्रत मिळतं, पीठ, डाळ, तांदूळ, मीठ, आणि शिजवायचं आपण. देणाऱ्याचा हात मोठा असतो. त्या रात्री लागेल तेवढंच घ्या, उरलेलं हात जोडून परत करा, "मैय्या पुढे देईल" म्हटलं की कुणी रागवत नाही. आणि दगड! "नर्मदा के कंकर उतने शंकर" हे ऐकलं की प्रत्येक वाळवंटात एखादा तरी खिशात जातो. त्यात ओंकारेश्वर सोडल्यावर सुरुवातीच्या टप्प्यातच बकावाँ लागतं, तिथे घरोघरी शिवलिंगं घडवतात. घरच्यांसाठी, शेजाऱ्यांसाठी, ऑफिसमधल्यांसाठी असं करत एका नाशिकच्या गृहस्थांकडे दोन किलो महादेव जमले होते. घ्यायचंच असेल तर एक, अंगठ्याएवढं. बाकीचं परिक्रमा पूर्ण झाल्यावर येऊन न्या.

सॅक घेताना

चाळीस ते पंचेचाळीस लिटरची पुरे. मोठी घेतली की मोकळी जागा दिसते, आणि मोकळी जागा आपल्याला बघवत नाही.

लिटरपेक्षा महत्त्वाचं आहे पाठीचं माप. मान खाली घाला, मानेच्या मुळाशी जे हाड सर्वांत जास्त वर येतं तिथे एक खूण. दोन्ही हात कमरेवर असे ठेवा की बोटं खुब्याच्या हाडाच्या वरच्या कडेवर टेकतील आणि अंगठे मागे वळतील. दोन अंगठ्यांना जोडणारी रेघ पाठीच्या कण्याला जिथे छेदते, तिथपासून मानेच्या हाडापर्यंतचं अंतर टेपने घ्या. हे माप उंचीवर ठरत नाही. पावणेसहा फुटी माणसाची पाठ आखूड असू शकते. दुकानात सॅकच्या पाठीचा भाग खालीवर सरकवता येतो का विचारा, आत सहा-सात किलो वजन घालून दुकानातल्या दुकानात वीस मिनिटं फिरा. मला विकणाऱ्याने खांद्याची पट्टी ओढून "एकदम फिट" असं सांगितलं होतं आणि मी कमरेचा पट्टा लावूनही बघितला नव्हता. चूक माझीच.

कमरपट्टा हाच सॅकचा जीव. जाड, गादीचा हवा, नुसती फीत नको. ओझ्याचा बराचसा भाग कमरेखालच्या हाडांवर बसला पाहिजे. खांदे सॅक मागे पडू नये एवढ्यापुरते.

बांधायचा क्रम रोज तोच ठेवा. आधी सगळ्या पट्ट्या सैल. सॅक चढवा, किंचित पुढे वाकून ती थोडी वर उसळवा आणि कमरपट्टा खुब्याच्या हाडाच्या कडेवर मधोमध येईल असा आवळा. पोटावर बांधलात तर श्वास अडतो, मांडीच्या सांध्यावर बांधलात तर पाय उचलताना घासतो. मग खांद्याच्या पट्ट्या, खाली दोन बोटं सहज जातील इतपत. मग खांद्याच्या वरून सॅकच्या डोक्याकडे जाणारे छोटे पट्टे, त्यांनी ओझं पाठीकडे ओढलं जातं. शेवटी छातीवरची क्लिप, सैलसर. दिवसभरात हे दोन-तीनदा पुन्हा करावं लागतं.

इथे नाडीची गोष्ट सांगायला हवी, कारण ती सॅकच्या माहितीपत्रकात नसते. परकराची किंवा पायजम्याची नाडी बरोबर त्याच जागी येते जिथे कमरपट्टा बसतो. नाडीची गाठ पट्ट्याखाली दिवसभर रुतते, कातडी सोलते, मग माणूस पट्टा सैल करतो आणि सगळं ओझं खांद्यावर जातं. संध्याकाळी मान आणि पाठ का दुखते ते त्याला कळतच नाही. कमरेला इलॅस्टिक असलेली सलवार किंवा पँट घाला. साडीवरच चालायचं असेल तर गाठ समोर, पट्ट्याच्या क्लिपच्या खाली येईल अशी मारा. पैशांचा कसा आणि चामड्याचा पट्टाही त्या जागी नको.

दोन महिन्यांनी कमरपट्टा पूर्ण आवळूनही सैल राहायला लागेल. परिक्रमेत पोट उतरतंच. तेव्हा पट्ट्याच्या आत पंचाची घडी घाला.

भरताना

जड वस्तू पाठीला चिकटून, दोन खवाट्यांच्या मधल्या उंचीवर. तळाशी स्लीपिंग बॅग, बाहेरच्या अंगाला कपडे, वर स्वेटर आणि पावसाचा कागद. पाण्याच्या बाटल्या दोन्ही बाजूंना, आणि पाणी दोन्हींतून सारखं प्या. एकाच बाटलीतून पीत राहिलात तर दुपारपर्यंत सॅक एका अंगाला अर्धा किलो झुकलेली असते. बाहेर लोंबणारं काही नको. झोळी एका खांद्यावर, कमंडलू दुसऱ्या हातात, ही चित्रातली परिक्रमा दिसायला छान आहे, पण एका खांद्यावरच्या झोळीने मान तिरकी होते. झोळी हवीच असेल तर तिच्यात कुपी आणि जपमाळ एवढंच, आणि दर तासाला खांदा बदला.

उचलताना

सगळ्यात जास्त पाठी इथे जातात.

तो पाचवा दिवस. पहाटेचं धुकं, सगळे निघालेले, मी मागे राहिलेला. सॅक ओट्याखाली जमिनीवर. उजवा हात पट्ट्यात घातला आणि कमरेतून वळत झटक्यात वर ओढली. काहीतरी तुटल्यासारखं झालं आणि मी कोयत्यासारखा वाकून तिथेच उभा राहिलो. खाली बसता येईना, सरळ होता येईना. कमरेत उसण भरणं म्हणजे काय ते तेव्हा कळलं. आश्रमातल्या महाराजांनी मला जमिनीवर उताणं निजवलं आणि दोन्ही पोटऱ्या खाटेवर ठेवल्या, मांड्या उभ्या, गुडघे काटकोनात. दहा मिनिटांनी कळ ओसरायला लागली. दोन दिवस त्यांनी ठेवून घेतलं. तिसऱ्या दिवशी पुढच्या गावच्या पोस्टातून साडेचार किलोचं पार्सल घरी गेलं, राहिलेले लाडू आश्रमातल्या मुलांनी संपवले आणि स्टोव्ह महाराजांकडे राहिला. तंबू आणि दुसरे बूट पुढच्या पोस्टापर्यंत वाहिले, तेवढा हट्ट शिल्लक होता.

तर उचलायचं असं. शक्य तिथे सॅक जमिनीवर ठेवूच नका. ओटा, पार, खाट, बांध, कमरेइतक्या उंचीचं काहीही शोधा, सॅक त्यावर टेकवा, तिच्याकडे पाठ करून दोन्ही हात घाला आणि सरळ उभे राहा. जमिनीवरूनच घ्यावी लागली तर एक पाय पुढे टाकून गुडघ्यांत वाका, सॅक छातीशी धरून पुढच्या मांडीवर घ्या, तिथून एक खांदा घाला, मग अंग न पिळता दुसरा. सोबत कुणी असेल तर सरळ सांगा, "सॅक धरता का जरा?" उतरवतानाही हाच क्रम उलटा. दमलेला माणूस सॅक खांद्यावरून खाली सोडून देतो, त्या क्षणीही कमरेला हिसका बसतो.

सकाळी उठल्याउठल्या पहिला अर्धा तास पाठ ताठलेली असते. थंड पाण्यात बुडी मारून आल्यावर तर आणखीच. त्या वेळात वाकून सामान आवरणं, घाटावर कमरेतून वाकून कपडे पिळणं टाळा. कपडे धुताना उकिडवे बसा. आधी थोडं फिरा, अंग गरम होऊ द्या, मग ओझं घ्या.

चालताना

पहिला आठवडा दिवसाला बारा ते पंधरा किलोमीटर, त्याच्या वर नाही. सोबतचे पंचवीस चालत असतील तर चालू द्या. पुढे कुठल्या तरी आश्रमात ते पाय शेकत बसलेले भेटतात.

दर तासाला पाच-सात मिनिटं थांबा आणि सॅक अंगावरून काढा. सॅकसकट बसणं म्हणजे थांबणं नव्हे. हात कमरेवर ठेवून चारपाच वेळा हलकेच मागे झुका, खांदे गोल फिरवा, पाणी प्या.

चालताना कमरेतून पुढे वाकलेला माणूस लांबूनही ओळखू येतो. ओझं जास्त असतं किंवा कमरपट्टा सैल असतो. नजर पंधरा-वीस पावलं पुढे, पावलं छोटी. चढाला थोडं पुढे झुकणं आपोआप येतं, ते घोट्यापासून असू द्या. उताराला गुडघे किंचित मऊ ठेवून आखूड पावलं टाका.

हातातली काठी, म्हणजे दंड, ही नुसती रीत नव्हे. टेकवल्यावर कोपर काटकोनात येईल एवढी उंच घ्या. एकच काठी असेल तर ती अर्ध्या-अर्ध्या तासाने हात बदलून धरा. उजव्याच हाताने महिनाभर टेकत राहिलं की डावी कंबर बोलायला लागते. दोन काठ्या असतील तर पाठीला जास्तच आराम, फक्त लोक विचारतात, "दोन कशाला?"

धरणांच्या पाण्याने जुनी वाट बुडाल्यामुळे बऱ्याच ठिकाणी डांबरी रस्त्याने जावं लागतं. डांबरी रस्ता मध्ये उंच आणि कडेला उतरता असतो. सतत एकाच कडेने चाललात तर एक पाय दिवसभर बोटभर खाली पडतो आणि त्याचा हिशेब कंबर मांडते. समोरून येणारी वाहनं दिसतील अशा कडेने चालावं हे खरंच, पण मातीची सपाट बाजूपट्टी मिळाली की तिच्यावर उतरा. काळ्या मातीत पाऊस पडून गेला असेल तर बुटांना किलोकिलोचे लगदे चिकटतात, ते काठीने खरवडत चला. हेही ओझंच.

मुक्कामावर

पोचल्यावर सॅक उतरवून धप्पकन भिंतीला टेकून बसायचा मोह होतो. दहा मिनिटं आवरा तो. हातपाय धुवा, दोन फेऱ्या मारा, मग चटईवर हे चार प्रकार, प्रत्येकी अर्धा-अर्धा मिनिट, दोनदा:

१. उताणं झोपून एकेक गुडघा छातीशी, मग दोन्ही.
२. मार्जरासन: गुडघ्या-हातांवर येऊन पाठ मांजरासारखी वर, मग खाली.
३. एक गुडघा टेकून दुसरा पाय पुढे, कंबर हळूच पुढे ढकलायची, टेकलेल्या मांडीची पुढची बाजू ताणली गेली पाहिजे. ओझं घेऊन चालणाऱ्याची हीच शीर आखडते आणि कमरेला मागून ओढते.
४. उताणं झोपून पायात पंचा अडकवून पाय सरळ वर, मांडीच्या मागची शीर ताणायला.

कळ आली तर थांबा. ताण चालतो, कळ नाही.

पंगतीत मांडी घालून बसणं हे पाठीचं दिवसातलं शेवटचं संकट. पंचवीस किलोमीटरनंतर मांडी घातली की कंबर मागे गोल होते. बुडाखाली कांबळ्याची जाड घडी घ्या, गुडघे कमरेच्या खाली आले पाहिजेत. किंवा वज्रासन. उठताना झटका न देता हात टेकून एका गुडघ्यावर या.

झोपायला जमीनच असते. कुशीवर झोपत असाल तर दोन गुडघ्यांमध्ये कपड्यांची पिशवी, उताणे असाल तर गुडघ्यांखाली सॅक. पालथं झोपू नका. उठताना आधी कुशीवर वळा, पाय वाकवा, हाताने अंग वर ढकला.

दुखायला लागलंच तर

थोडं दुखणं सगळ्यांनाच होतं. कमरेच्या दोन्ही बाजूंना जडपणा, सकाळी ताठ, चालायला लागल्यावर सैल, असं असेल तर ते स्नायूंचं. वजन कमी करा, दोन-तीन दिवस अंतर निम्मं करा, रात्री शेका. शेकायला बाटलीत गरम पाणी भरून पंचात गुंडाळा, चूल प्रत्येक आश्रमात पेटलेली असते. नुसतं पडून राहू नका. उसण भरल्यावरसुद्धा एखाद-दोन दिवसांनी थोडं थोडं चालणं चांगलं, आठवडाभर अंथरुणात काढलं की पाठ आणखी आखडते. आश्रमात साधारण एक रात्र राहायची पद्धत असते, पण दुखणं सांगितलं तर कुणी हाकलत नाही. बसल्याबसल्या भाजी निवडता येते.

दुखणं खांद्यांच्या मध्ये आणि मानेत असेल तर दोष बहुधा सॅकच्या बांधणीत आहे. पट्टे सगळे सोडून पहिल्यापासून बांधा. कुल्ल्यातून निघून गुडघ्याच्या खाली पोटरीपर्यंत कळ आणि मुंग्या जात असतील तर शीर दबली असण्याची शक्यता आहे. चालणं थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा.

गोळ्यांबद्दल. पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम त्यातल्या त्यात सुरक्षित, पण दिवसभरात किती घेतल्या ते लिहून ठेवा, आणि यकृताचा त्रास असेल तर आधी विचारा. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन ह्या गोळ्या उपाशीपोटी घेऊ नका. पाणी कमी पिऊन उन्हात चालणाऱ्याच्या मूत्रपिंडांवर त्यांचा ताण येतो. रक्तदाब, मूत्रपिंड, आम्लपित्ताचा जुना त्रास किंवा रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाहीच. आणि गोळी घेऊन, दुखणं दाबून त्याच वजनाने पुढे चालणं, हे सगळे करतात, मीही केलंय. गोळी ओसरली की दुप्पट वसूल होतं.

आता जे थांबून बघायचं नाही ते. जांघेत किंवा बसायच्या जागी बधिरपणा, लघवी अडणं किंवा नकळत होणं, शौचावरचा ताबा जाणं, पायातली ताकद जाऊन पाऊल फरफटणं: त्याच तासाला वाहन करून मोठ्या रुग्णालयात. पडल्यानंतरचं जोराचं दुखणं, तापाबरोबरचं दुखणं, रात्री झोपूनही न थांबणारं दुखणं, हेही लगेच दाखवा. बरगडीखालून जांघेकडे येणारी लाटेसारखी कळ आणि लघवीची जळजळ असेल तर ती पाठ नसून मुतखडा असू शकतो.

वाहनात बसलं की परिक्रमा खंडित होईल ही भीती मोठी असते, त्यापायी लोक अंगावर काढतात. रुळलेली रीत अशी आहे की नदी न ओलांडता त्याच तटावरच्या गावात उपचार घ्यायचे आणि जिथून उठलात तिथूनच पुन्हा चालायचं. दक्षिण तटावर बडवानी, राजपिपला, अंकलेश्वर, नर्मदापुरम, उत्तरेला भरूच, महेश्वर, जबलपूर, अशी गावं मनात धरून ठेवा. पायाची ताकद गेली असेल तर मात्र तट बघत बसू नका, जवळचं रुग्णालय गाठा.

तीन जागा

शूलपाणीची झाडी. बडवानीच्या पुढे, मध्य प्रदेशातून आपल्या नंदुरबार जिल्ह्यातून गुजरातेत जाणारा डोंगराळ पट्टा. जुने लोक सांगतात, इथे परिक्रमावासींना लुटून लंगोटीवर सोडायचे. पाठीचं दुखणं तेवढं परस्पर मिटत असणार. आता त्याच पाड्यांवर बोलावून चहा पाजतात. चढ-उतार तीव्र, पायाखाली सुटे दगड. झाडीत शिरायच्या आदल्या दिवशी सॅक पूर्ण रिकामी करून पुन्हा एकदा छाटणी करा. पाठ आधीच दुखत असेल तर गावातला एखादा तरुण पैसे ठरवून सामान घेईल का ते विचारा. त्यात कमीपणा नाही.

दुसरी जागा समुद्र. दक्षिण तट संपतो तिथून नावेने उत्तर तटावरच्या मिठीतलाईकडे जावं लागतं. भरतीच्या वेळेवर नाव सुटते, काही तास दाटीवाटीने बसायचं असतं, हलायला जागा नाही. सॅक मांडीवर घेऊ नका, पायांमध्ये उभी ठेवा आणि जमेल तेव्हा उभे राहून कंबर सरळ करा. उतरताना चिखल आणि घाई. आधी स्वतः उतरा, मग कुणाकडून तरी सॅक मागून घ्या. हलत्या नावेत पाठीवर सॅक घेऊन उडी मारलेला एक माणूस मी चिखलात बसलेला पाहिलाय.

तिसरी अमरकंटक. समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या वर, आणि तिथे पोचेपर्यंत थंडी सरली असेलच असं नाही. गारठ्यात पाठ दुप्पट आखडते. स्वेटर सॅकच्या अगदी वर ठेवा, थांबलात की घामेजल्या पाठीवर लगेच घाला. रात्री गरम पाण्याची बाटली कमरेशी, आणि तिचं झाकण दोनदा तपासा. माझं एकदा सैल राहिलं होतं, पहाटे तीनला स्लीपिंग बॅग पिळत बसलो होतो.